पावसातला साक्षीदार

१९७९ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पोलिसांच्या वेगमापक रडारने एका ताडाच्या झाडाचा वेग ताशी ८६ मैल दाखविला आणि एका घराचा २८ मैल. हे दूरचित्रवाणीवर झळकले. त्याच वर्षी तेथील डेड काउंटीच्या न्यायालयाने रडारचा पुरावा ग्राह्य धरण्यास नकार दिला. ऐकून हसू येते खरे. पण विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ सांगते की, ‘गाडी फार वेगात होती’ अशा एकट्या साक्षीदाराच्या मतावरून कोणास दोषी ठरविता येत नाही; त्या मताला यंत्राच्या मोजमापाचा आधार हवा. म्हणजे डोळ्यांवर अविश्वास आणि यंत्रावर विश्वास. यंत्राला राग-लोभ नसतात, हे त्यामागील कारण असावे. परंतु यंत्राला पाऊस लागतो, धुके लागते.

भर पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्यास उतरलेल्यांना धुक्याचे वर्णन सांगावयास नको. लेझर यंत्राचे अवरक्त किरण अशा धुक्यात विखुरतात आणि बहुधा आकडाच उमटत नाही. हे मौन मला प्रामाणिक वाटते. अडचण आहे ती रडारची. त्याच्या लहरी पावसातून क्षीण होऊन का होईना, पार जातात. आणि झोत इतका रुंद की, शंभर मीटरवर सबंध रस्ता त्यात मावतो. पुढे लहान मोटार, मागे ट्रक. ट्रकचा परावर्तित संकेत अधिक प्रबळ असू शकतो. आकडा खरा, पण कोणाचा? ते ठरवितात पुन्हा डोळेच, ज्यांच्यावर कायद्याने भरवसा ठेवला नव्हता. आणि तेही मुसळधार पावसात!

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा यंत्रांना दरवर्षी नूतनीकरण होणारे प्रमाणपत्र लागते. ते योग्यच. मात्र त्या विशिष्ट दुपारच्या पावसाविषयी प्रमाणपत्र काय सांगणार? ते विचारण्याचा अधिकार आरोपीचा, आणि उत्तर देण्याचे ओझे यंत्र वापरणाऱ्याचे, असे माझे मत आहे. या मताला एक खासगी कारण आहे.

माझी नोकरी वजनमापे खात्यातली. एका तालुक्याच्या गावी, ऐन आषाढात, एका किराणा दुकानदाराचे वजन मला कमी भरले. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, पारडी एकदा अदलाबदल करून पाहा.” सरकारी तराजूवर संशय! मी तेथल्या तेथे दंड केला. काही महिन्यांनी वार्षिक पडताळणीत आमच्याच तराजूच्या दोन भुजा असमान निघाल्या. पारडी बदलली असती, तर ते त्याच दिवशी कळले असते.

पुढल्या फेरीत मी मुद्दाम त्या दुकानी गेलो. त्याने बाकावरचे पोते सरकवून मला जागा करून दिली, चहा मागविला. तो विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही.