बिनमिठाचा नैवेद्य

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुनागेश्वरम् नावाचं गाव आहे. तिथल्या ओप्पिलियप्पन मंदिरात देवाचा नैवेद्य बिनमिठाचा असतो. कथा अशी, की मार्कंडेय ऋषींची लेक इतकी लहान, की तिला स्वयंपाकात मीठ घालायचंही कळत नव्हतं. तिला मागणी घालायला आलेल्या विष्णूनं तिच्या हातचं अळणी अन्न आनंदानं पत्करलं.

दिवाळीआधी महाराष्ट्रात ठिकठिकाणी जवानांसाठी फराळ गोळा होतो, तेव्हा मला ही कथा हमखास आठवते. ओल्या नारळाच्या करंज्या पाठवू नयेत, वाटेतच खराब होतात. चकलीचा चुरा होतो. शंकरपाळी, बेसनाचे लाडू टिकतात. डब्यात पोकळी राहिली की कागदाचे बोळे कोंबायचे. पत्त्यात गाव नसतंच; नाव, पलटण आणि ‘५६ एपीओ’सारखा लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक. सियाचीन हिमनदीवर १९८४पासून बारा महिने पहारा आहे. तिथे डबा उघडणाऱ्या हातांत जाड मोजे असतात, म्हणून दोरीची गाठ सहज सुटेल अशी मारावी.

गेल्या वर्षी एका सात वर्षांच्या मुलीनं वळलेला वाकडा लाडू कुणीतरी बाजूला काढून ठेवला होता. मी तो उचलला आणि डब्यात सगळ्यांत वर ठेवला.