गल्लीच्या रस्त्याचे देणे



पावसाळा संपत आला की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. गल्लीचा रस्ता उखडला आहे, दुरुस्तीसाठी वर्गणी काढायची आहे आणि शेजारी देत नाहीत. पुढे बोलणे बंद होते. कधी कधी तर दोघेही आपल्याच धर्मग्रामाचे असतात आणि एकाच मिस्साला दोन टोकांच्या बाकांवर बसतात.

पुण्याच्या कडेला आपल्यापैकी पुष्कळांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन घरे बांधली. जागा विकणाऱ्याने मध्ये दहा-बारा फुटांची वाट सोडली आणि तो मोकळा झाला. सातबाऱ्यावर बहुधा अजून त्याचेच नाव असते. २००१ साली गुंठेवारी कायदा आला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महानगरपालिकेत आली. तरीही जी वाट पालिकेने आपली म्हणून घेतलेली नाही, ती खासगीच राहते, आणि खड्डे काही फाइल पुढे सरकण्याची वाट पाहत नाहीत.

“आम्ही मिळकतकर भरतो, मग रस्ता का नाही?” हा प्रश्न रास्त आहे. पालिकेकडे अर्ज जरूर करावा, पाठपुरावाही करावा. मात्र रस्ता सार्वजनिक झाला की तो सगळ्यांचा होतो. मग तोंडाशी फाटक लावता येत नाही आणि बाहेरच्यांनी गाडी लावू नये ही पाटीही उतरवावी लागते. फाटक आपले आणि डांबर पालिकेचे, असे दोन्ही मागणारे आम्ही पाहिले आहेत!

तोवर खर्च कोणाचा? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे २५ वे कलम याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क ज्याला आहे, त्या वाटेच्या दुरुस्तीचा खर्च त्यानेच सोसायचा; जमिनीच्या मालकाने नव्हे. म्हणजे मूळ मालकाच्या नावाने बोटे मोडून उपयोग नाही. चालणाऱ्यांनीच द्यायचे आहे.

खरे भांडण आहे ते कोणी किती द्यायचे याचे. तोंडाशी राहणारा म्हणतो, माझी दहाच पावले. शेवटच्या घराने जास्त द्यावे. शेवटचा म्हणतो, माझी सायकल. टेम्पो तर मधल्या घराचा. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही एकच माप नाही. पहारेकऱ्याचा पगार व जिन्यातले दिवे यांचा खर्च प्रत्येक घराला सारखा, पण पाण्याचा खर्च नळांच्या संख्येप्रमाणे.

पवित्र शास्त्रातही दोन्ही मापे आहेत. निर्गमाच्या ३० व्या अध्यायात निवासमंडपाच्या सेवेसाठी प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यायचा आहे. श्रीमंताने अधिक नाही, गरिबाने उणे नाही. उलट प्रेषितांच्या कृत्यांत, ११ व्या अध्यायात, अंत्युखियाचे शिष्य यहूदियातील दुष्काळग्रस्त बांधवांना ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे मदत पाठवतात. पहिली रक्कम सामाईक कामाची आहे, दुसरी गरजवंतासाठी आहे. आमच्या मते गल्लीचा हिशोबही असाच व्हावा. मूळ दुरुस्ती दर घरामागे सारखी, कारण रुग्णवाहिका आत येणे आणि पावसाचे पाणी नीट वाहून जाणे यात सगळ्यांचाच लाभ आहे. ज्याच्या बांधकामाच्या वाळूच्या ट्रकने रस्ता फुटला, त्याने मात्र तो स्वतः भरून द्यावा. आणि ज्या घरी कमावते माणूसच उरलेले नाही, त्या घराचा वाटा बाकीच्यांनी निमूटपणे वाटून घ्यावा. थकबाकीदारांची नावे फळ्यावर लिहिण्याची एक पद्धत आहे. त्यात एखाद्या विधवेचे नाव लागले तर वर्गणी वसूल होईलही, पण तिला गल्लीतून मान खाली घालून जावे लागेल.

संत थॉमस अक्वायनस न्याय आणि प्रीती यांत फरक करतात. ज्याचे जे आहे ते त्याला देणे हा न्याय होय. शेजाऱ्याने पदरचे पैसे घालून भरलेल्या खड्ड्यावरून आपण रोज गाडी नेतो, तेव्हा आपला वाटा हे दान नव्हे, त्याचे देणे आहे. चर्चच्या सणाला हजारो रुपये देणारा हात गल्लीच्या दीड हजारासाठी आखडतो, तेव्हा आम्हाला मत्तयच्या ५ व्या अध्यायातील प्रभूची आज्ञा आठवते: वेदीवर अर्पण आणताना भावाची आपल्याविरुद्ध तक्रार आठवली, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायचा. तो भाऊ ख्रिस्तीच असावा अशी अट तिथे नाही. आपल्या गल्ल्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळेच राहतात, आणि आपले घर देत नाही हे त्यांना ठाऊक असते.

काम सुरू करण्यापूर्वी दोन कंत्राटदारांचे भाव लेखी घ्यावेत, पैसे दोघांच्या नावे ठेवावेत, आणि वही कोणालाही पाहता येईल अशी असावी. ज्या गल्लीची बोलणी अडली असतील, त्यांच्यासाठी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चचे सभागृह उघडे राहील. शेजाऱ्यांनाही, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, सोबत आणावे. चहाची व्यवस्था आम्ही करू.

प्रभूत आपले,
धर्मगुरू