मुलाला कामाला लावावे की कर्ता करावे?

शाळेने काढून टाकलेल्या पोराचे काय करावे, हा प्रश्न पुष्कळ घरी आहे. “जुंपा त्याला कामाला, सुतासारखा सरळ येईल,” हे उत्तरही ठरलेलेच. अमेरिकेने ते फार पूर्वी करून पाहिले. न्यूयॉर्क शहरी 1825 साली वाट चुकलेल्या व बेवारशी मुलांसाठी सुधारगृह निघाले. मुले तेथे ब्रश बांधीत, खुर्च्या वेताने विणीत. आणि त्यांचे श्रम ठेकेदारास विकले जात.

त्याच देशात 1917 साली एक मानसरोगवैद्य, दोन वास्तुकार, एक हस्तकलेची शिक्षिका अशा मंडळींनी व्यवसायोपचाराची संस्था स्थापिली. (हे शास्त्र मुंबईस शिकवू लागल्या त्या कमलाबाई निंबकर, 1950 साली, बाई जन्माने अमेरिकन!) हेही हाती कामच देतात. मग भेद कोठे? पाणिनीने कर्त्याला स्वतंत्र म्हटले आहे. कुऱ्हाड लाकूड तोडते खरी, पण ती करण. सुधारगृहातले पोर कुऱ्हाडीच्या जागी होते.

आज तिकडे नेहमीच्या शाळेत न टिकलेल्या मुलांसाठी निराळ्या शाळा असतात. तेथे व्यवसायोपचार जाणणारा आधी पाहतो, की हा झोपतो केव्हा, वर्गातला गलका त्याला सोसतो का, राग चढू लागला हे त्याचे त्याला कळते का. मग समजा, दहा जणांचा स्वयंपाक करायचा. काय रांधायचे ते पोरे ठरविणार. पैसे मोजा, यादी करा, बाजार आणा, चिरा, आच सांभाळा, दुसऱ्याचे होईतो थांबा, आणि शेवटी भांडी! करपले तर ओरडा नाही. पण का करपले, ते त्यानेच शोधायचे.

पूर्वपक्षी म्हणेल, हे लाड झाले, दंड नको काय? असावा की. पण ज्याला पाच पायऱ्यांचे काम ओळीने धरताच येत नाही, त्याला आळशी म्हणून बडविले, तर तो दंड कशाचा? न करणे आणि करता न येणे, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

मला सलते ते वेगळेच. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने अपंग मुलांस शाळेतच हा उपचार मिळण्याची सोय झाली. ज्याच्यावर तो शिक्का नाही, नुसता वांड म्हणून लौकिक आहे, त्याला तो हक्काने मिळत नाही. आता जो अधूही ठरत नाही आणि शाळेत टिकतही नाही, त्याच्या आईबापांनी कोणाचे दार ठोठवावे?