मोबाइलचे जीर्ण आणि अजीर्ण

विषयाचे नाव वाचून काही वृद्ध वाचक भुवया उंचावतील. जेथे संतचरित्रे आणि वारीचे वृत्त यावयाचे तेथे हे मोबाइलचे प्रकरण कोठून उपटले, असे म्हणतील. पण सज्जनहो, दिंडीच्या मुक्कामावर एकदा जाऊन पाहा. राहुटीत लोंबत्या वायरीच्या एका बोर्डाला दहा-बारा चार्जर लटकलेले असतात, आणि भोवती टाळकरी, विणेकरी, स्वयंपाकाच्या बायका आपापली पाळी धरून बसलेल्या असतात. वस्तू आपल्यात येऊन बसली आहे, ती आता उठावयाची नाही. तिच्याशी वागावे कसे, हे मात्र आपण ती विकणाराकडून शिकतो. घोटाळा आहे तो इथे.

पूर्वी सप्ताहात कीर्तन आटोपले की तरुण मंडळी विचारीत, 'बुवा, एकादशीला अमुक चालतं का?' आता विचारतात, 'महाराज, मोबाइल किती वर्षांनी बदलावा?' प्रश्न थट्टेचा वाटतो, पण आहे खरा. पंधरा-वीस हजारांची वस्तू शेतकऱ्याच्या घरात दर दोन वर्षांनी नवी येऊ लागली, आणि तीही हप्त्यावर, म्हणजे तो खर्च बियाणे, खत आणि शाळेची फी यांच्या पंक्तीला जाऊन बसला. पंक्तीत एक माणूस वाढला की कोणाच्या तरी पानातले कमी होते.

पाठशाळेत आम्हांला कर्माचे भेद शिकवीत. स्नानसंध्या हे नित्य कर्म. कारण विचारायचे नाही, दिवस उगवला की करायचे. ग्रहण लागले, घरात मूल जन्मले, अशा कारणाने करावे लागते ते नैमित्तिक. आणि फळाची इच्छा धरून करतात ते काम्य. आता 'किती वर्षांनी?' असे जो विचारतो त्याने, पाहा, प्रश्न विचारतानाच मोबाइल बदलणे हे नित्य कर्म ठरवून टाकले आहे. दोन वर्षांनी की तीन वर्षांनी, एवढीच तिथी आमच्याकडून हवी आहे! माझे म्हणणे असे, की त्याला तिथी नाही. हे कर्म नैमित्तिक आहे. निमित्त घडले तर सहा महिन्यांतही बदलावा लागेल, न घडले तर आठ वर्षे बदलू नये. व्यवहारात मात्र बहुतेकांचे हे कर्म असते काम्य, आणि सोवळे नेसते नित्याचे. 'दोन वर्षं झाली, आता घ्यायलाच पाहिजे' असे म्हटले की इच्छा झाकली जाते.

मग निमित्त कोणते? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, बाविसाव्या श्लोकात, देह सोडण्याला वस्त्र बदलण्याची उपमा दिली आहे, ती सर्वांना पाठ आहे. तेथे वस्त्रांना विशेषण लावले आहे ते 'जीर्ण' हे. नुसते जुने नव्हे. जुन्याला संस्कृतात 'पुराण' हा वेगळा शब्द आहे. आजीचा तांब्याचा हंडा पुराण आहे, जीर्ण नाही. कल्हई केलेले पातेले जुने असेल, पण आमटीला ते कळत नाही. 'जीर्ण' हा शब्द ज्या धातूपासून झाला त्याचा अर्थ वय सरणे, झिजणे. 'जरा' म्हणजे म्हातारपण हा त्याच घरातला शब्द. आणि गंमत अशी, की पोटातले अन्न पचले म्हणजेही ते 'जीर्ण' झाले असेच म्हणतात, न पचले तर 'अजीर्ण'. म्हणजे जीर्ण वस्तू ती, जी पूर्णपणे कामी आली. जी पुरती कामी येण्याआधीच तिच्यावर दुसरी येऊन पडली, तिचे घरात अजीर्ण होते. कपाटाच्या खणात निपचित पडलेले दोन-तीन मोबाइल ज्यांच्या घरी आहेत त्यांना हे अधिक सांगावयास नको. अजीर्णावर वैद्य लंघन सांगतो, आणखी एक वाढ घ्या असे सांगत नाही.

येथे आक्षेप येतो. 'बुवा, आमचा खरोखर चालत नाही. दुपारी बारालाच मान टाकतो.' ठीक. पण काय चालत नाही ते तर पाहाल? पखवाजाची पुडी फुटली म्हणून कोणी पखवाज फेकून देत नाही. पुडी नवी घालतात, वादी ओढतात, खोड तेच राहते. विण्याची तार तुटली तर तार बदलतात. मोबाइललाही अवयव आहेत, आणि त्यांतला सर्वांत आधी झिजणारा अवयव म्हणजे बॅटरी. तिचे आयुष्य वर्षांत मोजीत नाहीत, किती वेळा भरली-रिकामी झाली यावर मोजतात. आयफोन १४ आणि त्याआधीच्या आयफोनांच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळच्या ८० टक्के शक्ती राखतील अशा बेताने केल्या आहेत, असे तो करणारी ॲपल कंपनीच सांगते. त्यापुढच्यांसाठी १००० फेऱ्या सांगते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून कायदाच लावला, की तेथे बाजारात येणाऱ्या नव्या मोबाइलची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के टिकली पाहिजे, आणि त्या जातीचा मोबाइल विकणे बंद झाल्यावरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आता हिशोब करा. दिवसातून एकदा पुरती रिकामी करून भरणाऱ्याच्या ५०० फेऱ्या दीड वर्षाच्या आतच होतात. दोन वर्षांनी मोबाइल 'म्हातारा' झाला असे जे वाटते ते पुष्कळदा बॅटरीचे म्हातारपण असते. तार बदलावयाची, आणि आपण विणा बदलतो.

हे सांगितले म्हणजे लोकांना खरे वाटत नाही, म्हणून जगजाहीर गोष्ट सांगतो. २०१७ च्या डिसेंबरात त्याच ॲपलने कबूल केले, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग आम्ही आतून कमी करीत होतो. कारण दिले ते असे, की थकलेल्या बॅटरीवर ताण येऊन मोबाइल एकाएकी बंद पडू नये. कारण खोटे होते असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या हातात ती वस्तू होती त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते. त्याला वाटले आपला मोबाइल संपला, आणि तो दुकानात गेला. बोभाटा झाल्यावर कंपनीने बॅटरी स्वस्तात बदलून दिली. २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरो दंड झाला, आणि अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली. वस्तू जीर्ण झाली हा निवाडा कोण करतो, हे पाहायचे ते अशासाठी.

आता दुसरी बाजू, कारण जुने धरून ठेवणे म्हणजेच वैराग्य असा काही माझा पक्ष नाही. काही निमित्ते खरी असतात, आणि ती डोळ्यांना दिसतही नाहीत. मोबाइलमधल्या चोरवाटा बुजविण्यासाठी कंपनी वेळोवेळी जी दुरुस्ती पाठविते, त्याला अपडेट म्हणतात. ती येणे बंद झाले की मोबाइल बाहेरून धडधाकट दिसतो, पण दाराची कडी निखळलेली असते. ज्या मोबाइलवरून बँकेचा व्यवहार होतो त्याची कडी निखळणे हे निमित्तच होय. २०२३ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ८ ला, आणि २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. स्वस्त मोबाइलांना पुष्कळदा याहून फार कमी मिळते. म्हणून घेतानाच दुकानदाराला 'कॅमेरा केवढा?' याच्या आधी 'अपडेट किती वर्षं?' हे विचारावे. बहुधा तो चपापेल. तसेच नेटवर्क बदलते, ॲप जुन्याला सोडून जाते. २०२३ च्या ऑक्टोबरात व्हॉट्सॲपने ५.० च्या आधीच्या अँड्रॉइडला रामराम केला. काच फुटून बोट कापत असेल, बॅटरी फुगली असेल, तर तेथे विचार करीत बसू नये. पण दुरुस्ती होते का ते आधी विचारावे, आणि नव्याच्या निम्म्या किमतीवर दुरुस्ती जात असेल तर खुशाल नवा घ्यावा. निम्मी किंमत हा माझा आपला अडाखा आहे, शास्त्र नव्हे.

अधिकारभेदही मानला पाहिजे. लग्नाची छायाचित्रे काढून पोट भरणाऱ्याला चांगला कॅमेरा हे अवजार आहे. मला कीर्तनकाराला त्याचे काय? माझा मोबाइल सहा वर्षांचा आहे, त्यात दोनदा बॅटरी घातली, आणि यजमानांचा फोन त्यावर अगदी स्पष्ट ऐकू येतो.

येथवर जे सांगितले ते कोणी हुशार दुरुस्तीवालाही सांगेल. मला ज्यासाठी लेखणी धरावी लागली ती गोष्ट निराळी. मराठवाड्यातल्या एका गावी सप्ताहाला गेलो असता ज्या घरी उतरलो तेथील माउली चहा देता देता मोबाइल उचलायला धावली, आणि तो तिच्या हातातच विझला. काचेला आडवी चीर, पाठीला रबर गुंडाळलेले.

'माउली, हा कुणाचा?' मी विचारले.

'थोरल्याचा व्हता, महाराज. त्यानं नवा घेतला, मंग ह्यो धाकट्याला. धाकट्यानं घेतला, मंग मला.'

थोरला तिथेच बसला होता. पाच वर्षांतला तिसरा मोबाइल त्याच्या हातात. तो सरळ मनाने म्हणाला, 'आईला काय करायचाय नवा? फोन तर उचलायचा.' मुलगा वाईट नव्हे. आईवर जीव आहे त्याचा. पण मागल्या पावसाळ्यात वडिलांच्या छातीत रात्री कळ आली, दोन्ही मुलगे तालुक्याच्या गावी, आणि हिचा मोबाइल विझलेला. चार्जरला लावून तो उठेपर्यंत ही चिखलातून शेजाऱ्याच्या दारी धावली. शेजारी जागा होता, जीप होती, म्हणून माणूस वाचला. हे तिने मला सांगितले ते तक्रार म्हणून नव्हे, शेजाऱ्याचे कौतुक म्हणून.

सज्जनहो, ही उतरंड आज घरोघर आहे. नवा मुलाला, त्याचा जुना बापाला, बापाचा त्याहून जुना आईला. उष्टे वाढावे तसा मोबाइल उतरत जातो. घरात ज्याला फसव्या फोनचा डाव ओळखता येत नाही, ज्याला अडचणीत दुसरे साधन नाही, त्याच्याच हाती कडी निखळलेला, बारा वाजता विझणारा मोबाइल येतो; आणि पिकाच्या पैशाचा, गॅसचा, दवाखान्याचा निरोप येतो तो त्याच्यावरच. मुलगा म्हणतो, 'मी जुना टाकला नाही, आईला दिला.' त्याच्या मते हा विनियोग झाला. पण दान देताना घेणाऱ्याची गरज पाहावी लागते. इथे देणाराची अडगळ पाहिली.

तेव्हा 'मोबाइल केव्हा बदलावा?' याच्या आधी 'कोणाचा बदलावा?' हा प्रश्न येतो. घरात चार मोबाइल असतील तर चारही एका चटईवर मांडा. ज्याचा खरोखर जीर्ण झाला असेल त्याला नवा. यात बहुतेक वेळा आई किंवा आजी पुढे येईल, आणि ज्याला नवा हवा होता त्याच्याजवळचा उत्तम चालत असल्याचे सर्वांच्या देखत सिद्ध होईल. यावर आक्षेप येईल, की आईला नव्यातले काही कळत नाही. न कळेना. तिला न विझणारी बॅटरी, मोठी अक्षरे आणि चालू अपडेट पाहिजेत. दहा हजारांच्या आतबाहेर हे मिळते. शिकवायला दोन संध्याकाळी लागतील, त्या मात्र मुलाने द्याव्यात. दिवाळीची सवलत हे निमित्त होते का, असेही एकाने विचारले. ज्याचा जीर्ण झाला आहे त्याच्यासाठी सवलत ही सोय आहे. इतरांसाठी ती काम्याची फोडणी.

आणखी एक उतरंड आपल्या घराबाहेर आहे, ती डोळ्यांआड म्हणून थोडक्यात सांगतो. या बॅटऱ्यांत कोबाल्ट नावाचा धातू असतो. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टचा निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा आफ्रिकेतील काँगो देशातून येतो, आणि तेथे हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुले राबतात हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने २०१६ मध्ये पुराव्यासह मांडले. आणि दुसऱ्या टोकाला कचरा. २०२२ या एका वर्षात जगात विजेच्या सर्व वस्तूंचा मिळून सुमारे ६ कोटी २० लाख टन कचरा झाला, आणि त्यातला चतुर्थांशाहूनही कमी रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात गेल्याची नोंद आहे. आपण चालता मोबाइल एक वर्ष अधिक वापरला तर काँगोतले ते पोर लगेच शाळेत जाईल असे मी म्हणणार नाही. पण न पचलेल्या घासासाठी कोणाला तरी खणावे लागले आहे, एवढे ठाऊक असावे.

राहिला जुन्याचा प्रश्न. चालता असेल तर गरजूला द्यावा, पण आधी त्यातले आपले बँकेचे, छायाचित्रांचे सर्व पुसून आणि बॅटरी नवी घालून. स्वतः जुना विकत घ्यावयाचा असेल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबली की त्याचा आयएमईआय क्रमांक दिसतो. तो चोरीचा तर नाही ना, हे दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'संचार साथी'वर पाहता येते. अगदीच मेलेला असेल तर फोडू-जाळू नये. आपल्या देशात २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांनुसार नोंदलेले गोळा करणारे असतात, त्यांच्याकडे पोचवावा. फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल मात्र खणात, अंथरुणाशेजारी किंवा धान्याच्या कोठीजवळ एक दिवसही ठेवू नये. ती पेट घेते.