नखाएवढा प्रश्न

आमच्या बंड्याला केस विंचरून घेणं आवडत नाही. तसं ते मलाही आवडत नसे. पण माझ्या डोक्यावर आता विंचरण्यासारखं काही शिल्लक नसल्यामुळे तो प्रश्न परस्पर निकालात निघाला आहे. बंड्या पॉमेरेनियन. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर, वरचा लांब आणि आतला लोकरीसारखा दाट. काही दिवस कंगवा फिरला नाही की कानामागे आणि काखेत जटा होतात, त्या कातडी ओढतात आणि दुखतं. म्हणजे विंचरलं तर भीती, न विंचरलं तर दुखणं. नखांचंही तेच.

सुरुवातीला आमची पद्धत सोपी होती. रविवारी सकाळी नऊ वाजता मी बंड्याला टॉवेलात गुंडाळून धरायचं, सौ.नं नखं काढायची आणि दोघांनी एका सुरात म्हणायचं, "अरे, तुझ्या भल्यासाठीच ना!" ते झालं की मी आप्पांची, म्हणजे वडिलांची, नखं काढायचो. त्यांच्या हाताला कंप सुटल्यापासून ते खातं माझ्याकडे आहे. साडेनऊला सगळं आटोपून मी पेपर वाचायला मोकळा.

बंड्याची नखं काळी. आत रक्तवाहिनी कुठवर आली आहे, ते काळ्या नखात दिसत नाही. एका रविवारी ते आम्हाला टॉवेलवर दिसलं. तेव्हापासून टॉवेल निघाला की बंड्या कॉटखाली, आणि कॉटखाली हात घातला की "गुर्रर्र". मी त्याला दरडावलं.

डॉक्टर मलाच रागावले. "गुरगुरतोय तोवर नशीब समजा. ती त्याची नोटीस आहे. नोटीस बंद केलीत तर थेट कारवाई होईल!" बँकेतल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. पुढं म्हणाले, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, झोप नसताना जांभई देणं, हेही तो आधीपासून सांगतच असतो. आणि आम्ही म्हणत होतो, किती शहाणा, गप्प बसलाय!

मी बी.कॉम. तत्त्वज्ञान हा माझा विषय नव्हे. पण संमतीशी रोजचा संबंध येतो. फुली मारलेल्या जागी 'इथं, इथं आणि मागं' गिऱ्हाईक सही करतं. वाचत कोणीच नाही, आणि रांग बघून वाचा असं मीही म्हणत नाही. त्याला आम्ही संमती म्हणतो.

आता नवी पद्धत अशी : नेलकटर जमिनीवर. बंड्यानं हुंगला की पनीरचा तुकडा. पंजाला हात लावला, तुकडा. पंजा ओढला की सोडायचा, वाद नाही. दिवसाला एक नख. नखं अठरा. शेवटचं होईस्तोवर पहिलं पुन्हा वाढायला लागलेलं असतं, आणि पनीरचा खर्च सौ. माझ्या नावे टाकते.

पण समजा कानामागं जट बसली आणि खाली कातडी लाल झाली, तर? मग धरावंच लागतं. पावसाळ्यात दोनदा धरलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढं मात्र हिशेबात सापडलं, की त्या टॉवेलातल्या भल्यापैकी बंड्याचं भलं थोडं होतं. बाकी माझा साडेनऊचा पेपर होता.

परवा आप्पांसमोर बसलो. नेहमीप्रमाणे हात ओढून घेणार, तेवढ्यात त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलेलं दिसलं. दर रविवारी फिरवत असणार. मी नेलकटर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "आप्पा, आज किती बोटं काढू?"

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"दोन," म्हणाले. "आणि मला ते पनीर नको. चहा सांग."