तव्याचे किटण

मोडनिंबाकडे ज्वारीची भाकरी रोजची. म्हणून लोखंडी तवा घरोघरी असतो, आणि तो काळाच असतो. मग त्याचे सर्व काळे खरवडून काढावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. हे काळे दोन प्रकारचे आहे. तापलेल्या तेलाचा जो पातळ थर लोखंडाशी एकजीव होतो, तो तव्यास गंजापासून राखितो. तो काढिला तर भाकरी चिकटते. परंतु कडेस साचलेले जळके किटण केवळ मळ होय. ते धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात भिजवून मऊ करावे, काथ्याने घासावे, तवा विस्तवावर सुकवावा, व त्यावर तेलाचे बोट फिरवावे.

जुन्या चालींविषयीही असाच विवेक पाहिजे. पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवणे, अडीनडीस शेजाऱ्यास बैल देणे, ह्या चालींनी गाव राखिला आहे. त्या राहू द्याव्या. पण कोणासाठी निराळी कपबशी ठेवणे हे किटण होय. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली; तरी मनाच्या कडेस चिकटलेला मळ ज्याचा त्यानेच धुवावयाचा आहे. तर वाचकहो, घासण्यापूर्वी नीट पाहा: कोणते काळे राखणारे, आणि कोणते केवळ साचलेले?