एका दिवसाची यात्रा

सुरतेच्या लिंबायत-उधना भागातली खानदेशी कुटुंबे भल्या पहाटे गाडी काढतात, सापुताऱ्याचा घाट चढून वणीच्या सप्तशृंगगडावर पोहोचतात आणि रात्री पुन्हा घरी येतात. समुद्रालगतच्या उकाड्यातून हजार मीटरहून उंच गडावर, तेही एका दिवसात. मंदिरापर्यंतच्या सुमारे ५०० पायऱ्यांना २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीचा पर्याय आहे. चैत्रोत्सवात खानदेशातून आणि दक्षिण गुजरातेतून उन्हातान्हात पायी आलेला माणूस आणि गाडीने आलेले हे कुटुंब दर्शनाच्या एकाच रांगेत उभे राहतात. दोघांची यात्रा सारखीच म्हणायची का? मला वाटते, कष्ट वाचल्याने यात्रा उणी होत नाही. ती उणी होते देवाच्या दारी द्यायचा वेळ वाचवल्याने.

कष्टाशिवाय पुण्य नाही, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. पण महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्माला तीर्थांचे माहात्म्य सांगतात, ते वेगळ्याच कारणाने. यज्ञाला सामग्री आणि धन लागते, तो राजेरजवाड्यांना परवडतो. दरिद्री माणसालाही साधेल असे पुण्य म्हणजे तीर्थयात्रा, असे ते म्हणतात. म्हणजे तीर्थ ही मुळातच एक सवलत आहे. फळ कुणाला मिळते, तर ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे, ज्याला अहंकार नाही, त्याला. किती कोस चालला, हा निकष तिथे नाही. गुडघे गेलेली आजी ट्रॉलीतून वर जाऊन कड्यात कोरलेली अठरा भुजांची देवी डोळे भरून पाहते, तेव्हा त्या जुन्या सवलतीचाच एक नवा जिना तिला मिळालेला असतो.

यावर कुणी म्हणेल, चालण्याने अहंकार गळतो, ट्रॉलीने नाही. यात तथ्य आहे. वारी पाहिलेला कुणीही ते नाकारणार नाही. पण चालण्याचाही अभिमान चढतो, आणि वाट छोटी झाली म्हणून यात्रा संपत नाही, याचा पुरावा खुद्द सुरतेत आहे. मुघलांच्या काळात हे बंदर मक्केचा दरवाजा मानले जाई. १६४४ साली बांधलेली मुघलसराई यात्रेकरूंच्या उताऱ्यासाठी होती. आज तिथे महापालिकेचा कारभार चालतो. शिडाच्या जहाजाला मोसमी वाऱ्याची वाट पाहावी लागे, हाजींचे महिनेच्या महिने प्रवासात जात. आता विमान काही तासांत जेद्दाहला उतरवते. तरीही हज हा हजच राहिला, कारण इस्लामी पंचांगातल्या जिल्हिज महिन्याच्या ९ तारखेला अराफातच्या मैदानात सूर्यास्तापर्यंत थांबणे कुणालाही टळलेले नाही. वाट आटली, पण थांबण्याला कात्री लागली नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: मग सहलीत आणि यात्रेत फरक तो काय उरला? फरक असा की, सहलीत जागा आपल्या वेळापत्रकात बसवायची असते, यात्रेत आपण जागेच्या वेळापत्रकात बसतो. गडाच्या शिखरावर कीर्तिध्वज लावायला दरेगावचे गवळी-पाटील चढतात. बाकीचे सारे खालून हात जोडतात. त्या माथ्यापर्यंत ट्रॉली नाही आणि असावी असे भाविकाला वाटतही नाही. हे न मागणे म्हणजेच मन ताब्यात असणे. ज्या कुटुंबाला जवळच्या वाटेच्या पासासाठी वशिला लावावासा वाटत नाही, जे रांगेत पुढच्या म्हातारीला आधी जाऊ देते, दर्शन झाल्यावर फोटो काढून लगेच सापुताऱ्याचा बोटिंगचा तलाव गाठायची घाई करत नाही, त्याची एका दिवसाची खेपही यात्राच आहे. ट्रॉलीने वाचवलेला तास मुलांना घेऊन देवीसमोर शांत बसण्यात घालवावा. तो तास बाजारात गेला, तर पायी चढूनही काही साधले नसते.